सहाशे चाळीस शब्द

“द्वीपकल्प?”

“सिगेत... न्हाई, थांबा. सिगेत म्हंजे बेट. फेलसिगेत.”

“पूरमैदान?”

खिलारे छताकडे बघत बसले. छतावर शब्द लिहून ठेवल्यासारखे ते नेहमी वरच बघायचे.

“आर्तेर,” मी म्हटलं. “काल चार वेळा सांगितलं, परवा सहा वेळा. एव्हाना भिंतीनंसुद्धा पाठ म्हणून दाखवला असता.”

“भिंतीला परीक्षा न्हाई, टिपणीस,” खिलारे म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी हसलो नाही. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो आणि तिथे डुकराच्या चरबीचा आणि कोबीचा असा काही वास भरलेला असे, की हसायला तोंड उघडणंही नको वाटे. १९८३ सालचा मे महिना होता. हंगेरीतल्या तिसा नदीकाठच्या त्या शहरात येऊन आम्हाला नऊ महिने झाले होते. शिष्यवृत्ती त्यांच्या सरकारची. पहिलं वर्ष नुसती भाषा शिकायची, मग विद्यापीठात जायचं. आम्हा दोघांचा विषय जमिनीखालचं पाणी, म्हणून आमच्या भाषेच्या परीक्षेत भूगोलाचे शब्द होते. डोंगर, दऱ्या, नद्या, माती, वारे, सगळे मिळून सहाशे चाळीस. तोंडी परीक्षा जूनमध्ये. नापास झालं की गाशा गुंडाळून पंधरा दिवसांत घरी.

मला त्याची धास्ती नव्हती. मी तेवीस वर्षांचा होतो, पुण्याचा होतो आणि भूशास्त्रातलं सुवर्णपदक आईनं देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं होतं. सहाशे चाळीस शब्दांचे सहाशे चाळीस पत्ते मी स्वतः कापून बुटाच्या खोक्यात भरले होते. पुढच्या बाजूला हंगेरियन, मागे मराठी, वर क्रमांक. मराठीसुद्धा अशीतशी नाही. चांगली सरकारी परिभाषेतली, जोडाक्षरांनी वाकलेली मराठी. ते खोकं मला सगळं पाठ होतं. ज्या देशात जेवणाआधी चेरीचं गारढोण सरबत सूप म्हणून चमच्यानं पितात, त्या देशाची भाषा ती काय, असं मी वर्गातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत असे. शिकवणाऱ्या इरेनबाईंनाही मी मनातून हिशेबात धरत नव्हतो. त्या वही तपासताना ओठ हलवून वाचायच्या. मला वाटायचं, हिला स्वतःचीच भाषा जड जाते.

आणि धुळा खिलारे हे तर माझ्या मते सरकारी खात्यानं केलेली थट्टा होती. ते आटपाडीकडचे. भूजल खात्यात बोअर मारणाऱ्या गाडीवर नऊ वर्षं काढलेली. नोकरीत असताना रात्रशाळेतून डिप्लोमा केला आणि कुठल्यातरी साहेबानं फॉर्मवर सही केली म्हणून इथे आलेले. वय एकतीस, दोन मुली. त्यांना भाषा येईना. वर्गात उभं केलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची आणि मान वर जायची. एप्रिलमध्ये इरेनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुझा देशबांधव आहे. महिनाभर त्याला रोज एक तास शिकव.” देशबांधव! मी त्या शब्दावर आठवडाभर चिडलेलो होतो.

मी त्यांना अहो-जाहो करायचो. पुण्यात अहो-जाहो करून माणसाला जितकं खाली बसवता येतं, तितकं अरे-तुरे करून येत नाही.

“खिलारे, तुम्ही असं करा,” मी म्हणायचो, “सोपे शब्द तेवढे घ्या. डोंगर, नदी, तळं. बाकीचे तुमच्यासाठी नाहीत.”

“तळं म्हंजे ‘तो’,” ते खुशीत म्हणायचे. “ह्यो बेस हाय. एका अक्षरात काम.”

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! शिवाय रविवारी अभ्यास करायचं सोडून हा माणूस भटकायला जायचा. वसतिगृहाचा मागच्या अंगणातला हातपंप बिघडला तेव्हा दुरुस्त करायला लायोश नावाचा एक म्हातारा आला होता. खिलाऱ्यांनी बाह्या सारून त्याला मदत केली आणि त्या दिवसापासून दोघांचं गूळपीठ जमलं. हा मराठीत बोलणार, तो हंगेरियनमध्ये, आणि दोघं सायकलींवर शहराबाहेरच्या माळावर जाणार. संध्याकाळी खिलारे परत यायचे ते बुटांना चिखल आणि खिशात मातीची ढेकळं घेऊन. मग खाटेवर बसून एका वहीत देवनागरीत काहीतरी लिहायचे. गड्याला गडी बरोबर सापडतो, असं मी घरी पत्रात लिहिलं होतं. त्या वहीत काय आहे हे मी कधी विचारलं नाही. मला काय करायचं होतं?

स्वयंपाकघरातल्या त्या संध्याकाळी मात्र त्यांनी खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “टिपणीस, येक सांगू का? मला ह्यात पास व्हायला पायजेच.”

“सगळ्यांनाच पाहिजे असतं.”

“तसं न्हाई. तुम्ही नापास झाला तर पुण्यात प्रोफेसर व्हाल. मी परत गाडीवर. साहेब लोक येत्यात, नकाशावर बोट ठिवत्यात, म्हणत्यात हितं भोक मार. मला दिसतंय तितं पाणी न्हाई. नऊ वर्सांत दीडशे तरी कोरडी भोकं म्या ह्या हातानं पाडल्यात, लागणार न्हाई ठावं असताना. बोललो तर म्हणत्यात, तू मशीन बघ.” ते थांबले. “कागूद असला तर माझं ऐकतील. आन् पुढच्या साली बत्तीस पुरी व्हत्यात, मग अर्ज बी करता येत न्हाई.”

“मग पूरमैदान पाठ करा,” मी म्हटलं.

परीक्षेची त्यांची पद्धत अशी होती. हिरव्या कापडाच्या टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असत. आपण एक उचलायची, वीस मिनिटं विचार करायचा आणि तीन परीक्षकांसमोर त्या विषयावर बोलायचं. अध्यक्ष होते प्रोफेसर केमेनी, त्या भागातले पाण्याचे मोठे जाणकार. पांढऱ्या मिशा आणि बाहीवर शाईचा डाग. मला ‘नद्या’ आली. उगमापासून नदीमुखापर्यंत मी एका दमात वाहून गेलो. केमेनींनी मधे एकदा जांभई दिली, ती मी त्यांच्या वयावर टाकली. मला पुढे पाचपैकी पाच मिळाले.

माझ्यानंतर खिलारे आत गेले. त्यांची चिठ्ठी होती ‘मैदान आणि त्याखालचं पाणी’. तीन परीक्षकांपैकी एक इरेनबाई होत्या; त्यांनी दाराबाहेर येऊन मला हे सांगितलं तेव्हा मला चीडच आली. मला मिळाल्या पाठ केलेल्या नद्या आणि या माणसाच्या हाती त्याच्या जन्माचा धंदा लागला!

अर्ध्या तासानं दार उघडलं आणि मला आत बोलावलं. खिलारे खुर्चीत ताठ बसले होते. कपाळावर घाम होता आणि मान वर छताकडे.

“हा माणूस बोलत नाहीये,” केमेनी मला म्हणाले. “पण याच्या कागदावर नऊ वर्षं विहिरी पाडल्याचं लिहिलंय. नऊ वर्षं! आणि मी त्याला मैदानाची व्याख्या विचारत बसलोय. त्याला त्याच्या भाषेत बोलू दे. तू आम्हाला सांग. माणूस कामाचा असला तर भाषेसाठी त्याला सप्टेंबरात पुन्हा बसवता येईल, तो अधिकार मला आहे.”

मी हे मराठीत सांगितलं. खिलाऱ्यांची नजर छतावरून खाली आली. ते पुढे सरकून बसले आणि दोन्ही हातांनी टेबलावरच्या हिरव्या कापडाच्या चुण्या करू लागले. एक उंच, एक सखल.

“ह्यास्नी सांगा,” ते म्हणाले, “आमच्याकडं वर बरड असतंय. बरड पाणी पितंय. खाली आलं की चोपण लागतंय. पाऊस झाला की चोपणीवर तळं साचतंय, आन् लोकास्नी वाटतंय हितंच पाणी हाय. साहेब लोक बी तितंच बोट ठिवत्यात. तितं भोक मारायचं न्हाई. बरड सपतंय आन् चोपण सुरू व्हतंय, त्या कडंला मारायचं. वरनं पिल्यालं पाणी तितं अडकून बसतंय. आन् उपळट बघून हुरळायचं न्हाई, ते पाणी आपलं न्हवं, दुसरीकडनं आल्यालं असतंय. हितं तुमच्याकडं बी तसंच हाय. नदीच्या अलीकडं जो माळ हाय, तितं लोकांनी तीन विहिरी चुकीच्या जागी काढल्यात. म्या दावतो.”

ते इतकं सलग बोलताना मी नऊ महिन्यांत ऐकलं नव्हतं.

आणि मला कळलं नाही. म्हणजे मराठी कळली, वाक्यं कळली. बरड, चोपण आणि उपळट हे तीन शब्द कळले नाहीत, आणि सगळं बोलणं त्या तिघांवरच उभं होतं. विचारायला काय लागलं असतं? ‘खिलारे, चोपण म्हणजे काय?’ एवढंच. समोरच्या तिघांना मराठी येत नव्हती. मी काय विचारलं हेसुद्धा त्यांना समजलं नसतं. त्या खोलीत माझं अज्ञान फक्त एका माणसाला कळलं असतं. त्याला ते कळलेलं मला चालणार नव्हतं.

“तो म्हणतो,” मी उत्तम हंगेरियनमध्ये सुरुवात केली, “की त्यांच्याकडे उंच जमीन असते आणि सखल जमीन असते. उंच जमिनीवर पाणी थांबत नाही. सखल जमिनीवर पाणी साचतं.”

केमेनी वाट बघत राहिले. “बरं. पुढे?”

“साचतं तिथे ते विहीर काढत नाहीत. मधे कुठेतरी काढतात.”

“का?”

“ते तो सांगत नाही.”

केमेनींनी इरेनबाईंकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. सखल जागी पाणी साचतं हे त्यांच्या नातवालाही माहीत असणार. हंगेरीपर्यंत विमानानं येऊन एखाद्यानं सांगावं असं त्यात काही नव्हतं.

खिलारे उठून उभे राहिले. “नेम,” ते म्हणाले. नाही. “नेम, नेम!” त्यांचा हात त्या कापडावर आपटला आणि तोंड उघडं राहिलं, पण पुढचा शब्द येईना. ते माझ्याकडे बघत होते.

“काय झालं याला?” केमेनींनी विचारलं.

“घाबरलाय,” मी म्हटलं. “त्याला आणखी काही सांगायचं नाहीये.”

निकाल तीन दिवसांनी लागला. खिलारे नापास. पुढच्या गुरुवारची पाच वाजताची बुडापेस्टची गाडी आणि तिथून दिल्लीचं विमान. मी हळहळलो, म्हणजे लोकांदेखत हळहळलो. मनात म्हटलं, सुटलो.

गुरुवारी दुपारी दोनला मी आमच्या खोलीत आलो तर ते पत्र्याची पेटी भरत होते. मी शिष्टाचार म्हणून बसलो.

“वाईट झालं, खिलारे. पण भाषा ही सगळ्यांना जमेल अशी गोष्ट नाही.”

त्यांनी एका शर्टाची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “टिपणीस, चोपण म्हंजे काय ते तुम्हाला ठावं न्हवतं न्हवं?”

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

“चोपण म्हंजे सिक,” ते पेटीतल्या वहीकडे बोट करून म्हणाले. “पाणी खाली जाऊ देत न्हाई ती जमीन. उपळट म्हंजे बेल्वीझ, खालनं पाणी वर येतंय ती. बरडाला मातूर ह्यांच्याकडं नीट शब्द न्हाई. लायोश त्याला होमोक म्हणतोय, पर होमोक म्हंजे नुसती वाळू. बरड येगळं, खड्या-मुरमाचं.”

सिक. माझ्या खोक्यातला दोनशे एकविसावा पत्ता. मागे माझ्या वळणदार अक्षरात ‘अल्कधर्मी मृदा’. बेल्वीझ दोनशे सदतिसावा. दोन्ही शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होते त्या दिवशी. त्यांच्यापर्यंत जायची वाट तेवढी माझ्या स्वतःच्या भाषेतून जात होती.

मला लाज वाटायला हवी होती, पण आधी संताप आला. “हे शब्द तुम्हाला येत होते तर तुम्हीच का नाही बोललात तिथे?”

“माझी जीभ उचलत न्हवती. म्हणून तर तुम्हाला आत घेतलं.”

“अहो, पण मला सांगायचं ना त्याच वेळी!”

“तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं,” ते म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. मी त्यांच्याकडे नऊ महिने ज्या नजरेनं पाहत आलो होतो, ती नजर होती, आणि ती त्यांना माझ्यापेक्षा शोभत होती. “तुम्ही मला घाबरल्याला म्हणालात. तेवढं हंगेरियन मला कळतंय. त्या खोलीत घाबरलं हुतं कोण?”

मी उभा राहिलो. “मी केमेनींकडे जातो. आत्ता. आज खोलीवरच असतात ते. निकाल अजून दूतावासाकडे गेलेले नाहीत, सोमवारी जायचेत. त्यांना सांगतो की माझं भाषांतर चुकलं.”

“कसं चुकलं म्हणून इचारलं तर?”

“सांगेन.”

“काय सांगाल? तोंडानं म्हणून दावा बरं.”

मी म्हणून दाखवलं नाही. “सांगेन म्हटलं ना,” एवढंच म्हटलं.

त्यांनी पेटीचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं. आशा माणसाला किती लवकर फुटते! “जावा मग. दहा मिण्टाचा रस्ता हाय. मी खाली दारात थांबतो. ठेसनची बस साडेचारला हाय.”

दहा मिनिटांच्या त्या रस्त्यात मी वाक्य जुळवलं. माझ्या मातृभाषेतले तीन शब्द मला माहीत नव्हते आणि ते विचारायला मला कमीपणा वाटला. हंगेरियनमध्ये ते फार सोपं वाक्य होतं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात काही अवघड नव्हतं.

केमेनींनी दार स्वतः उघडलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. “टिपणीस रघुवीर!” आडनाव आधी, त्यांच्या रीतीनं. “ये, ये. आत्ताच इरेनशी तुझ्याबद्दल बोलत होतो. नऊ महिन्यांत अशी भाषा! आणि त्या बिचाऱ्या माणसाचं बोलणंसुद्धा तू किती नेटकं मांडलंस. मी आजवर बरेच दुभाषे पाहिलेत, फापटपसारा घालतात. तू एक शब्द जास्त टाकला नाहीस.”

“प्रोफेसर...”

“थांब, आधी माझं ऐक. माझ्याबरोबर काम करशील? पहिल्याच वर्षापासून. एवढ्या लहान वयात मी कोणाला घेतलेलं नाही.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “पण तू काहीतरी सांगायला आला होतास.”

खिडकीतून वसतिगृहाचं छप्पर दिसत होतं.

“हो,” मी म्हटलं. “आभार मानायला आलो होतो.”

त्यांनी मला कॉफी दिली. मी ती प्यालो. अर्धा तास आम्ही मैदानाखालच्या पाण्याबद्दल बोललो आणि माझं एकही वाक्य चुकलं नाही. तिथून निघालो तो वसतिगृहाकडे न जाता नदीकाठाला गेलो. तिथल्या बाकावर सहा वाजेपर्यंत बसलो, हातात घड्याळ असताना.

मी परतलो तेव्हा दारावर रोझी नेनी विणकाम करत बसली होती. नेनी म्हणजे मावशी. वसतिगृहाच्या किल्ल्या सांभाळणारी ती म्हातारी नवा माणूस दिसला की त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायची.

“तुझा मित्र गेला,” ती म्हणाली. “पेटी घेऊन दोन तास इथे दारात उभा होता. मी खुर्ची दिली तर बसला नाही. साडेचारची बस आली तरी रस्त्याकडे बघत राहिला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तेव्हा निघाला.”

“काही निरोप दिला?”

“निरोप नाही. मी म्हटलं, आणखी पाच मिनिटं थांब, तो टिपणीस येईल. तर म्हणाला, ‘तो येणार नाही. त्याला इथून पुढे पुष्कळ शिकायचंय, त्याला वेळ नाही.’”

मी जिन्याकडे वळलो. मग थांबलो. “नेनी, हे तो कोणत्या भाषेत म्हणाला?”

तिनं सुया खाली ठेवल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“हंगेरियनमध्ये,” ती म्हणाली. “मला दुसरी कुठली येते? आणि एकही चूक नव्हती.”